लेहची मोटारसायकल स्वारी: रद्द करावी की पुढे ढकलावी?

घाटपायथा | १५ मार्च २०२०, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

दोन वर्षं तयारी चाललेली लेहची स्वारी येत्या ७ जूनला साताऱ्याहून निघायची आहे. मी आणि माझा थोरला मावसभाऊ, दोघंच. दादा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक आहे, ३१ मेला रिटायर होतोय. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या प्रवासाच्या गाड्या नीट करण्यात गेली, स्वतः राज्याबाहेर फक्त एकदा गेला, तोही लग्नाला. रिटायर झाल्यावर पहिल्याच आठवड्यात निघायचं हे त्याचंच म्हणणं.

त्याची १९९३ची बुलेट, उजव्या पायाला गिअर असलेली. इंजिन दिवाळीच्या सुट्टीत स्वतः उतरवून बांधलंय. माझी हिमालयन. रस्ता धुळे, इंदूर, कोटा, जयपूर, चंदीगड, मनाली. तिथून लेह ४२८ किलोमीटर, ते चार दिवसांत आरामात. माझी रजा मंजूर झालीय. लेहमध्ये एका होमस्टेच्या बाईंना सहा हजार रुपये ॲडव्हान्स पाठवलाय.

आणि आता हा कोरोना. सोमवारी पुण्यात पहिले रुग्ण सापडले. ११ तारखेला जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ जाहीर केली. लडाखमध्ये तर आपल्याही आधी रुग्ण निघाले. जून अजून लांब आहे, पण रजा सोडायची तर ऑफिसला आत्ताच सांगायला हवं. दादाला विचारलं, तो म्हणाला, "डेपोत काय ऑर्डर येत्यात बघू, मग सांगतो."

तुम्ही माझ्या जागी असतात तर काय केलं असतंत? रद्द, पुढे ढकलणं, की वाट बघणं?

---

पावशेर | १५ मार्च, रात्री १०:०५

वाट बघा. रजा सोडू नका, एकदा सोडलेली रजा परत मिळत नाही. उन्हाळा तापला की हे सगळं आपोआप थंडावेल असं वाटतंय.

---

किकवाला | १५ मार्च, रात्री ११:२२

मी तर जाईन. विचार करा, विमान नाही, ट्रेन नाही, गर्दी नाही. डोक्यात हेल्मेट, तोंडाला बफ, पुढचा माणूस दहा फुटांवर. मोटारसायकलइतका वेगळा राहून करायचा प्रवास दुसरा कुठला आहे? तंबू आणि स्टोव्ह बरोबर घ्या, हॉटेलात उतरूच नका. दादांचं वय ५८. दोन वर्षांनी गुडघे काय म्हणतील कुणी सांगावं? मला हे मनापासून वाटतंय. माझे काका "पुढच्या वर्षी नक्की" म्हणत म्हणत गेले.

---

शल्यक | १६ मार्च, सकाळी ७:१५

किकवाला, तुमच्या काकांबद्दल वाचून वाईट वाटलं. पण मी नाशिकला प्रॅक्टिस करतो आणि २०१४ साली स्वतः लेहला गेलोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

लेह साडेअकरा हजार फुटांवर आहे. निरोगी माणूस तिथे पोचला की पहिल्या दिवशी रक्तातला ऑक्सिजन नव्वदच्या आसपास येतो, कधी त्याच्याही खाली. डोकं दुखतं, दम लागतो, झोप लागत नाही. काहींना कोरडा खोकला सुरू होतो, आणि तो वाढत गेला तर फुप्फुसात पाणी होतं. आता या नव्या आजाराची लक्षणं बघा: कोरडा खोकला, दम, ऑक्सिजन कमी. वाटेतली तांगलांग ला ही खिंड साडेसतरा हजार फुटांवर आहे. तिथे दादांना खोकला आला तर तो विरळ हवेचा की कोरोनाचा, हे तुम्ही कसं ओळखणार? मला स्वतःला ओळखता येणार नाही.

दुसरं म्हणजे लेहमध्ये मोठं हॉस्पिटल एकच, सोनम नोर्बू स्मृती रुग्णालय. पूर्ण जिल्ह्याचा भार त्याच्यावर. तिथली एक खाट आपण साताऱ्याहून जाऊन अडवायची का?

माझं मत: पुढे ढकला. रद्द हा शब्द वापरू नका, दादांना त्रास होईल.

---

टाकीफुल | १६ मार्च, सकाळी ९:५०

शल्यक यांना +१. शेवटच्या ओळीसाठी +१००.

---

मीरा_कुडाळ | १९ मार्च, दुपारी ३:३०

किकवाला, मी दुसऱ्या बाजूने सांगते. आमच्या वाडीत मुंबईहून माणसं यायला सुरुवात झालीय. ती आमचीच माणसं. माझा सख्खा दीर आला परवा. तरी सासूबाई दारातून म्हणाल्या, "पडवीतच बस हां बाबा." आणि आत जाऊन रडल्या. वाडीत ऐंशीच्या पुढची सात माणसं आहेत. सरकारी दवाखाना अकरा किलोमीटरवर, तिथे डॉक्टर असला तर असला.

तुम्ही दहा फूट लांब राहाल हो. पण पेट्रोल भराल, चहा प्याल, पंक्चर काढाल. ज्याच्या टपरीवर थांबाल त्याच्या घरातही कुणीतरी म्हातारं असेलच.

---

उत्तरायण | २० मार्च, रात्री ८:००

सैन्यात असताना माझी दोन पोस्टिंग त्या भागात झाली. मीराताईंशी पूर्ण सहमत, पण एक गोष्ट जोडतो. मनाली-लेह रस्त्यावर सरचू, पांग इथे जे तंबूतले ढाबे लागतात ते वर्षातले चारच महिने असतात. बर्फ वितळला की गावाकडून माणसं येतात, तंबू ठोकतात, सप्टेंबरअखेर उतरवतात. त्या चार महिन्यांत मिळेल त्यावर उरलेले आठ महिने. आपण गेलो नाही तर त्यांचं वर्ष बुडतं. आपण गेलो आणि आजार नेला तर काय होईल ते मीराताईंनी लिहिलंच आहे.

मी पुढे ढकलेन. आणि पैसे परत मागणार नाही.

---

खान्देशी_तडका | २० मार्च, रात्री ९:१०

धुळ्याला कधीही आलात तरी मुक्काम आमच्याकडे. शेवभाजी तयार असेल. तारीख तुम्ही ठरवा, तिखट आम्ही ठरवू.

---

घाटपायथा | २६ मार्च, रात्री १०:१५

निर्णय आपल्या हातात राहिलाच नाही. कालपासून २१ दिवस सगळा देश बंद. ऑफिसला रजा सोडल्याचं कळवलं.

लेहच्या बाईंना फोन केला. मी काही बोलायच्या आत त्याच हिंदीत म्हणाल्या, "भैया, पैसे वापस भेज दूँ?" त्यांच्या शेजारच्या गावाचा रस्ता बंद केलाय म्हणाल्या. मी म्हटलं, राहू द्या, येणार आहोत. त्यावर त्या म्हणाल्या, "तो नाम कॉपी में लिखा है, काटूँगी नहीं."

दादाला सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, "बॅटरीची वायर काढलीस का गाडीची?"

---

पावशेर | २७ मार्च, सकाळी ८:४०

सहा हजार म्हणजे कमी नाहीत. त्या स्वतःहून देत होत्या तर घ्यायला हवे होते. उद्या तुमच्याच पगाराचं काय होईल सांगता येत नाही. यात भावनेचा प्रश्न येतो कुठे?

---

सोनचाफा | २७ मार्च, सकाळी ११:००

पावशेर, मी गणपतीपुळ्याजवळ दोन खोल्या चालवते. ॲडव्हान्स हातात येतो तेव्हाच खर्च झालेला असतो. आलेल्या पैशांतून गाद्या शिवल्या, गिझर बसवला. एप्रिल-मेची सगळी बुकिंगं गेली. नऊ जणांनी पैसे परत मागितले, त्यांचा तो हक्क आहे, दिले. दोघांनी सांगितलं, राहू द्या, पुढे येऊ. त्या दोघांच्या जिवावर मी मदतीला येणाऱ्या मावशींना दोन महिन्यांचा पगार आगाऊ दिला. घाटपायथा, तुम्ही योग्य केलंत.

---

पावशेर | २७ मार्च, दुपारी १२:३५

सोनचाफा, ही बाजू माझ्या लक्षात आली नव्हती. मी माझे शब्द मागे घेतो.

---

टाकीफुल | ११ एप्रिल, संध्याकाळी ६:००

थोडं विषयांतर. लॉकडाऊनमध्ये गाडी तीन आठवडे पार्किंगमध्ये उभी आहे. मी रोज दोन मिनिटं चालू करून बंद करतो. आज सेल्फ नुसता टिक्-टिक् करतोय. काय चुकलं?

---

घाटपायथा | ११ एप्रिल, रात्री ८:२०

दादाला फोनवर वाचून दाखवलं. त्याचं उत्तर जसंच्या तसं देतो:

"रोज दोन मिनिटं चालू करायची न्हाई. सेल्फ मारताना जेवढी बॅटरी जाती तेवढी दोन मिनिटात भरत न्हाई, रोज थोडी थोडी कमीच हुती. वर इंजिन नीट तापत न्हाई, मग सायलेन्सरात पाणी धरतं आन् आतनं गंजतं. एकतर आठवड्यातनं एकदा पंधरा-वीस मिनिटं नीट चालवायची, न्हाईतर बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवायची. टाकी फुल ठेव, रिकामी टाकी आतनं गंजती. कार्बोरेटरची गाडी आसंल तर कॉक बंद करून कार्बोरेटरातलं पेट्रोल काढून टाक. मेन स्टँडवर लाव, साईड स्टँडवर न्हाई. चेनला ऑईल. आन् हवा दोन-चार पौंड जास्त."

---

किकवाला | ११ एप्रिल, रात्री ८:४५

आणि उंदीर! माझ्या शेजाऱ्यांच्या गाडीची वायरिंग उंदरांनी खाल्ली. एअर फिल्टरच्या डब्यात घर केलं होतं, चार पिल्लं निघाली. शेजारी म्हणाले, लॉकडाऊनमध्ये नवीन घर मिळालेलं हे एकमेव कुटुंब.

---

टाकीफुल | १२ एप्रिल, सकाळी १०:३०

दादांना साष्टांग नमस्कार सांगा. निगेटिव्ह काढली, शेजाऱ्यांच्या चार्जरवर बॅटरी लावली.

---

दूरदेशी | १९ एप्रिल, रात्री ११:५०

मी एडिनबराला असतो. आमचाही मे महिन्यात स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्याची प्रदक्षिणा करायचा बेत होता. इन्व्हर्नेसहून निघून परत इन्व्हर्नेस, पाचशेच्या वर मैल, बराचसा रस्ता एका वेळी एकच गाडी जाईल एवढा अरुंद. तोही पुढे ढकलला. इथेही लोक शहरं सोडून हायलँड्सकडे गाड्या काढायला लागले होते, तेव्हा सरकारला सांगावं लागलं की येऊ नका, तिथली हॉस्पिटलं लहान आहेत. शल्यक यांनी लेहबद्दल मार्चमध्येच हे लिहिलं होतं, म्हणून आठवण झाली.

---

घाटपायथा | २४ मे, रात्री ११:१०

बरेच दिवसांनी लिहितोय. आपण ७ जूनला धुळ्याच्या रस्त्याला लागणार होतो ना? दादा त्याच रस्त्याने जाऊन आला.

मजुरांना राज्याच्या सीमेपर्यंत मोफत सोडायला एसटीच्या गाड्या लागल्या आहेत, हे वाचलं असेल तुम्ही. त्यातल्या काही गाड्यांबरोबर दादाला ब्रेकडाऊनसाठी पाठवलं. नाशिक, धुळे, शिरपूर, पार पळासनेरपर्यंत. पुढे मध्य प्रदेश. रिटायर व्हायला आठ दिवस राहिलेत, नाही म्हणू शकला असता. नाही म्हणाला नाही.

काल रात्री फोनवर सांगत होता. हायवेच्या कडेने माणसं चालत होती, डोक्यावर बोजा, कडेवर पोरं. एका बाईच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला, एक तिची आणि एक पुरुषाची. गाडी थांबवून बसा म्हटलं तर ती विचारत होती, "कितना लगेगा?" तीन वेळा सांगावं लागलं की पैसे नाहीत. बसली ती गाडीच्या पायरीवरच, आत सीटवर बसायला तयार होईना.

दादा म्हणाला, "आपण हौसंनं जानार हुतो त्या रस्त्यानं."

एवढं बोलून त्याने फोन ठेवला.

---

खान्देशी_तडका | २५ मे, सकाळी ७:००

आम्ही दहा-बारा मित्र शिरपूरजवळ हायवेवर पाणी आणि खिचडी वाटत होतो त्या आठवड्यात. एसटीच्या गाड्या रांगेने थांबायच्या. खाकी कपड्यांतले, हाताला ग्रीस लागलेले एक काका दोन्ही हातांत चार-चार बाटल्या घेऊन गाडीत चढायचे. ते दादा असतील की दुसरे कुणी, ठाऊक नाही. त्यांना नमस्कार सांगा.

---

उत्तरायण | १७ जून, सकाळी ६:३०

लडाखच्या सीमेवरची, गलवानची बातमी वाचली असेल. आपले २० जवान गेले. मी त्या बाजूला राहिलोय, जूनमध्येसुद्धा ते पाणी कसं असतं मला माहीत आहे. घाटपायथा, यंदाचा विषय आता मनातूनही काढा. रस्ता सैन्याला मोकळा लागेल.

---

घाटपायथा | २ जुलै, रात्री ९:००

काढला.

काल आषाढी. तीसेक वर्षांत पहिल्यांदा दादा आषाढीला घरी होता. दरवर्षी पंढरपूरला जादा गाड्या लागतात, त्यांच्यामागे मेकॅनिकची टीम जाते, दादा त्यात ठरलेला. आठ-दहा दिवस बसखाली. चंद्रभागा पुलावरून बघायची, तेवढीच. यंदा वारीच नाही, पादुका एसटीने गेल्या. मंगळवारी टीव्हीवर फुलांनी सजवलेली गाडी निघाली तेव्हा दादा उठून टीव्हीजवळ गेला आणि इंजिनाचा आवाज ऐकत उभा राहिला. म्हणाला, "गाडी चांगली दिलीया."

---

मीरा_कुडाळ | ३ जुलै, दुपारी २:१५

अंगावर काटा आला वाचून. शेकडो वर्षांची पायी वारीसुद्धा थांबली यंदा.

---

किकवाला | २३ ऑगस्ट, रात्री १०:३०

धागा वर काढतोय. आई नागपूरला एकटी होती, पडली, म्हणून ई-पास काढून पुणे-नागपूर मोटारसायकलने गेलो. मार्चमध्ये मी इथे लिहिलं होतं की मोटारसायकलइतका वेगळा राहून करायचा प्रवास दुसरा नाही. सातशे किलोमीटरमध्ये काय झालं ते लिहितो.

ढाबे बंद. घरून नेलेल्या दशम्या आणि चटणी. नगरच्या पुढे पावसाने गाठलं, आडोशाला थांबलो त्या घरातल्या माणसाने दार लावून घेतलं. त्याचा राग आला नाही, मीराताईंच्या सासूबाई आठवल्या. जालन्याच्या पुढे मागचं चाक बसलं. पंक्चरवाल्याने दुकान उघडलं, मास्क नव्हता, माझ्या बाटलीतून पाणी मागितलं. दिलं. दोघांनीही विचार केला नाही, नंतर चार दिवस माझ्या डोक्यात तेच.

आई बरी आहे. गरज होती म्हणून गेलो आणि परत जावं लागलं तरी जाईन. हौसेसाठी मात्र आत्ता जाऊ नये, हे आता मलाही पटलंय.

---

घाटपायथा | २८ सप्टेंबर, रात्री १:४०

दादा हॉस्पिटलमध्ये आहे. आज अकरावा दिवस. सीटी स्कोअर (फुप्फुसात आजार किती पसरलाय तो आकडा) २५ पैकी १७. ऑक्सिजनवर आहे, व्हेंटिलेटर लागला नाही. खाट मिळवायला पहिल्या दिवशी सहा ठिकाणी फिरलो, सातव्या ठिकाणी मिळाली. आत जाऊ देत नाहीत. डबा खाली ठेवायचा, वॉर्डबॉय नेतो.

आज फोनवर दोन वाक्यं बोलला. "किक मारून ठेव आठवड्यातनं." दुसरं नीट ऐकू आलं नाही.

आज साताऱ्याला त्याच्या घरी जाऊन बुलेट वीस मिनिटं चालवली. बाकी काय करायचं ते कळेना.

---

शल्यक | २८ सप्टेंबर, सकाळी ६:१०

व्यनि (खासगी निरोप) केलाय, रिपोर्ट पाठवा. अकराव्या दिवशी व्हेंटिलेटरशिवाय आहेत आणि बोलताहेत, ही चांगली गोष्ट आहे. पालथं झोपायला सांगतात का विचारा, सांगत असतील तर कंटाळा न करता झोपायला सांगा.

---

सोनचाफा | २८ सप्टेंबर, सकाळी ८:००

पुळ्याच्या गणपतीला नारळ ठेवते. देऊळ बंद आहे, बाहेरूनच ठेवते.

---

खान्देशी_तडका | ३ ऑक्टोबर, दुपारी १:२०

दादांना दाखवा ही बातमी. आज अटल बोगद्याचं उद्घाटन झालं. मनालीच्या वरच्या रोहतांग खिंडीच्या पोटातून ९.०२ किलोमीटर, थेट पलीकडचं लाहौल खोरं. रोहतांगच्या तेरा हजार फुटांवर चढायचंच नाही आता.

---

घाटपायथा | ६ ऑक्टोबर, रात्री ९:३०

दादा घरी आला!! जिन्याच्या अकरा पायऱ्या चढायला दोनदा थांबावं लागलं. पण आला. सगळ्यांचे आभार, एकेकाचं नाव घेत नाही, दादाला सगळे प्रतिसाद वाचून दाखवलेत. बोगद्याची बातमीही दाखवली. त्याने विचारलं, "आत हवा कशी खेळवत्यात?"

---

शल्यक | २६ नोव्हेंबर, रात्री ८:४५

मार्चमध्ये कुणाला वाटलं असेल की मी जास्त घाबरवतोय. लाहौलमधल्या थोरांग गावाची बातमी वाचा. तपासलेल्या ४२ माणसांपैकी ४१ बाधित. एकालाच लागण झाली नाही, तो वेगळ्या खोलीत राहून स्वतःचं स्वतः रांधत होता. थंडीमुळे बरंचसं गाव आधीच कुल्लूकडे उतरलेलं होतं, म्हणून ४२च होते. मनाली-लेह रस्त्यावरची गावं ही अशी आहेत.

---

घाटपायथा | ९ एप्रिल २०२१, रात्री १०:००

जून २०२१ ठरवत होतो. परत तेच. आमच्या गल्लीत पाच घरांत रुग्ण आहेत. दादाला लशीचा पहिला डोस मार्चमध्ये मिळाला, मला अजून नाही. दुसऱ्यांदा पुढे ढकलतोय.

लेहच्या बाईंना फोन केला. या वेळी त्यांनी पैशांचं काढलंच नाही. "भैया कैसे हैं, साँस कैसी है?" एवढंच विचारलं. त्यांना दादाच्या आजाराचं मी ऑक्टोबरमध्ये सांगितलं होतं.

---

पावशेर | ९ एप्रिल २०२१, रात्री १०:२०

काळजी घ्या. इथे पुण्यात रात्रभर अँब्युलन्सचा आवाज. आमच्या सोसायटीतले दोघे गेले या आठवड्यात.

---

घाटपायथा | १४ ऑगस्ट २०२१, सकाळी १०:३०

दीड वर्षापूर्वीच्या प्रश्नावर परत येतो, आता तो वेगळा झालाय.

दादाचे दोन डोस झाले, माझेही. हिमाचलमध्ये लशीचं सर्टिफिकेट किंवा आरटीपीसीआर रिपोर्ट मागायला लागलेत. पुण्याच्या छातीच्या डॉक्टरांनी दादाची फुप्फुसाची तपासणी केली, सहा मिनिटं चालवून ऑक्सिजन बघितला. बरंच सुधारलंय, पण खालच्या भागात व्रण राहिलेत. ते म्हणाले, दहा हजार फुटांपर्यंत सावकाश जा, मुक्काम खाली करा. त्याच्यावर यंदा नको. म्हणजे लेह नाही.

मी म्हटलं, मग आणखी एक वर्ष थांबू. दादा म्हणाला, "दहा हजारापर्यंत काय काय येतंय त्ये बघ की."

---

शल्यक | १४ ऑगस्ट २०२१, सकाळी ११:१५

मनाली साडेसहा-सात हजार फुटांवर. बोगदा साधारण दहा हजारांवर. पलीकडे सिस्सू तेवढ्याच उंचीवर, तिथून रस्ता चंद्रा नदीच्या कडेने तांदी गावाकडे उतरतो. मनालीत दोन रात्री काढा. दिवसा पलीकडे जा, झोपायला परत मनालीला या. ऑक्सिमीटर खिशात. ८८च्या खाली गेला किंवा खोकला वाढला तर वाद न घालता मागे फिरायचं. २०२०च्या जूनमध्ये गेला असतात तर हे जमलं नसतं, तेव्हा रोहतांग चढल्याशिवाय लाहौल नव्हतं.

---

उत्तरायण | १४ ऑगस्ट २०२१, दुपारी १२:००

गौरी-गणपती झाले की निघा. तोपर्यंत डोंगरातला पाऊस ओसरतो, दरडींचा धोका कमी होतो. आणि एक गंमत दादांना सांगा. त्यांच्या नोकरीत ३ नंबरचा हायवे म्हणजे मुंबई-आग्रा. नंबर बदलल्यावर आता मनाली-लेह रस्ता ३ नंबर झालाय. धुळ्याकडे जुना ३ नंबर आणि मनालीच्या पुढे नवा ३ नंबर, दोन्ही त्यांना भेटतील.

---

घाटपायथा | २५ सप्टेंबर २०२१, रात्री ८:५०

मनालीहून लिहितोय.

१५ तारखेला निघालो. दिवसाला तीनशेच्या आत. धुळ्यात खान्देशी_तडका यांच्याकडे मुक्काम, शेवभाजीला तोड नाही. दादांनीच बाटल्या चढवल्या होत्या का ते मात्र ठरलं नाही, कारण दोघांचेही चेहरे तेव्हा मास्कमध्ये होते. पळासनेरला दादाने गाडी बाजूला घेतली. तिथे आता काहीच नाही, ट्रक जातात येतात. पाच मिनिटं उभा राहिला आणि निघाला.

परवा सकाळी बोगदा ओलांडला. मनालीत दादाचा ऑक्सिजन ९५ होता, सिस्सूला ९१. बोगद्यात तो मुद्दाम हळू चालवत होता, वरचे पंखे बघत. बाहेर आलो तर डोंगरांचा रंगच बदललेला, अलीकडे हिरवं आणि पलीकडे मातकट. पांढऱ्या खोडांची झाडं पिवळी पडायला लागलेली.

तांदीला पेट्रोल पंप आहे. तिथली पाटी खूप जणांनी फोटोत पाहिली असेल: पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. आम्ही तिथून मागे फिरणार होतो. तरी दादाने टाकी फुल करायला सांगितली. पंपावरच्या मुलाने विचारलं, "लेह?" दादा म्हणाला, "अगली बार."

तिथून थोडं खाली दोन नद्या मिळतात. एक चंद्रा, एक भागा. दोन्ही बारालाचा खिंडीच्या बाजूने येतात, वेगवेगळ्या वाटांनी. एकीचं पाणी राखाडी, दुसरीचं जरा निळसर. मला हे वाचून माहीत होतं, दादाला नव्हतं. काठावर एक म्हातारे गृहस्थ मेंढ्या घेऊन बसले होते, दादाने त्यांना विचारलं, पुढे नदीचं नाव काय. ते म्हणाले, "चंद्रभागा."

दादाने परत विचारलं. त्यांनी परत तेच सांगितलं.

सकाळी त्याने बुलेटची चेन ताणली होती, बोटांना आणि नखांच्या कडांना ग्रीस होतं. तो पाण्याजवळ उकिडवा बसला, ओली रेती मुठीत घेतली आणि हात घासायला लागला. वर्कशॉपमध्ये माती घेऊन घासतो तसंच, आधी तळवे, मग एकेक बोट, मग नखं. पाणी इतकं गार की मला दोन सेकंद हात ठेववेना. तो पाचेक मिनिटं घासत होता. हात लालभडक झाले. मग ओंजळ भरून घेतली, डोळ्यांना लावली आणि म्हणाला, "तिकडं तीस वर्षांत कधी खाली उतराय मिळालं न्हाई."

तिथूनच लेहच्या बाईंना फोन लावला. रेंज येत-जात होती. दादाशी बोलल्या. त्याचं हिंदी आणि त्यांचं हिंदी, कुणाला काय कळलं देव जाणे. शेवटी एवढं स्पष्ट ऐकू आलं, "नाम कॉपी में है."

---

मीरा_कुडाळ | २५ सप्टेंबर २०२१, रात्री ९:१५

सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या विचारतायत, दादांनी पाणी आणलंय का बाटलीतून?

---

घाटपायथा | २५ सप्टेंबर २०२१, रात्री ९:२५

हो. ऑईलच्या रिकाम्या बाटलीतून आणत होता, मी पाण्याची नवीन घेऊन दिली.

---

शल्यक | २५ सप्टेंबर २०२१, रात्री ९:४०

खोकला? आजचा ऑक्सिजन किती?

---

घाटपायथा | २५ सप्टेंबर २०२१, रात्री ९:४५

खोकला नाही. आत्ता ९५, झोपलाय.

---

पावशेर | २५ सप्टेंबर २०२१, रात्री १०:००

बुलेटने ॲव्हरेज किती दिलं?

---

घाटपायथा | २५ सप्टेंबर २०२१, रात्री १०:१०

सपाटीला ३४, मनालीच्या पुढे २९. वर गेल्यावर काळा धूर टाकत होती, तो कार्बोरेटर दादाने जाग्यावर बसून लावला. २ तारखेला धुळ्यात पोचतो.

---

खान्देशी_तडका | २५ सप्टेंबर २०२१, रात्री १०:१२

संध्याकाळी सातच्या आत या. वडील पण थांबलेत जेवायला.